पहिला शब्दच ओळीच्या शेवटी आला, तर त्याला काय म्हणायचं?

फळा_खडू

मी दहावीला मराठी शिकवतो. परवा अलंकारांचा तास होता. दामयमकासाठी व्याकरणाच्या बहुतेक पुस्तकांत एक ठरलेलं उदाहरण असतं, तेच फळ्यावर लिहिलं:

आला वसंत कविकोकिल हाही आला
आलापितो सुचवितो अरुणोदयाला

नेहमीसारखं समजावलं. दाम म्हणजे दोरी किंवा माळ. पहिला चरण ज्या अक्षरांवर संपतो त्याच अक्षरांनी दुसरा सुरू होतो, 'आला' आणि 'आला'पितो, म्हणून दामयमक. मुलं लिहून घेत होती. तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. "सर, पहिल्या ओळीच्या सुरुवातीलाही 'आला' आहे आणि शेवटीही 'आला' आहे. त्याचं नाव काय?"

हे उदाहरण मी चौदा वर्षं शिकवतोय. तो पुढचा 'आला' मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तिला म्हटलं, बघून सांगतो. घरी असतील तेवढी पुस्तकं काढून बसलो. दोन चरणांमधल्या नात्याला नाव आहे, पण एकाच चरणाचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक जुळतं त्याला स्वतंत्र नाव कुठे सापडलं नाही.

तुम्हाला नाव माहीत असेल तर सांगा. त्याहून जास्त, अशा ओळी आठवत असतील तर द्या. मला वाटतं हा नुसता सजावटीचा प्रकार नाही. 'आला वसंत' ही बातमी आहे. 'हाही आला' म्हणेपर्यंत त्या बातमीची खात्री झालेली असते, कारण कोकिळ आलाय. शब्द तोच आहे, पण जाऊन आलाय.

निंबोणी

वाचनखूण साठवली. पहिलं आठवलं ते 'गेले ते दिन गेले'. आजवर लाखदा गुणगुणलं असेल, पण दोन्हीकडे 'गेले' आहे हे आज कळलं.

मिसरा

विषय सुंदर आहे. एक दुरुस्ती: 'हाही' नाही, 'हाहि' लिहा. ओळ वसंततिलकेत आहे, १४ अक्षरं, त भ ज ज ग ग. 'हि' दीर्घ केलीत की बाराव्या अक्षराला वृत्त मोडतं. आजच्या शुद्धलेखनानं कितीतरी जुन्या ओळी अशाच लंगड्या छापल्या जातात. आणि वसंताची ओळ वसंततिलकेत लिहिणाऱ्या कवीला दाद द्यायला हवी.

फळा_खडू

@मिसरा, बरोबर. पुस्तकात दीर्घ छापलंय, तसंच मी उतरवलं. उद्या फळ्यावर ऱ्हस्व करतो.

तिहाई

अहो, सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या तोंडात आहे.

विठ्ठल टाळ विठ्ठल दिंडी । विठ्ठल तोंडीं उच्चारा
विठ्ठल अवघ्या भांडवला । विठ्ठल बोला विठ्ठल
विठ्ठल नाद विठ्ठल भेद । विठ्ठल छंद विठ्ठल
विठ्ठल सुखा विठ्ठल दुःखा । तुकया मुखा विठ्ठल

'विठ्ठल बोला विठ्ठल' आणि 'विठ्ठल छंद विठ्ठल' हे दोन चरण विठ्ठलानं सुरू होतात आणि विठ्ठलावरच संपतात. आता पूर्ण अभंग बघा: पहिला शब्द विठ्ठल, शेवटचा शब्द विठ्ठल. मधल्या चरणात जे केलं तेच तुकोबांनी अख्ख्या अभंगाला केलंय.

आमच्या भजनी मंडळात मी टाळ वाजवतो, त्यामुळे मला हे कागदापेक्षा हातात जास्त कळतं. ध्रुपद पुढचा म्हणतो, मागचे झेलतात. पुढच्याचं 'विठ्ठल बोला विठ्ठल' संपतं आणि मागच्यांचं 'विठ्ठल बोला विठ्ठल' सुरू होतं. मध्ये दोन विठ्ठल एकमेकांना चिकटतात. कुणाचा संपला आणि कुणाचा सुरू झाला हे कळत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. लय वाढत गेली की 'बोला' तेवढा दबत जातो आणि शेवटी कानात एकच शब्द उरतो. सांधा दिसू नये म्हणून तिथे तोच शब्द लागतो. दुसरा कुठलाही शब्द टाकून बघा, ओळ तिथे थांबते.

सांगेकर

तिहाईंना दुजोरा. आमच्या गोव्यात वास्कोला दामोदर भजनी सप्ताह होतो. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तास अखंड चालतं. पार, म्हणजे भजन म्हणणाऱ्यांचे गट, बदलतात, भजन थांबता नये. रात्री तीन-साडेतीनला एक पार उठतो नि दुसरा बसतो, त्या वेळी हाच गजर धरतात: 'विठ्ठल विठ्ठल, जय हरि विठ्ठल'. उठणाऱ्यांच्या शेवटच्या विठ्ठलावर बसणाऱ्यांचा पहिला विठ्ठल पडतो. मी लहानपणी वडलांच्या मांडीवर पेंगत ते ऐकलंय. डोळे उघडून बघितलं तर समोर माणसं वेगळीच असायची, आवाजात मात्र खंड नाही.

आणि गुरुजी, 'दामोदर' मधला दाम तोच. यशोदेनं ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो.

फळा_खडू

@सांगेकर, हे मला सुचलं नव्हतं! उद्या तासाला सांगणार.

गोदाकाठ

थोडं शास्त्राचं बोलतो. नाट्यशास्त्रात भरतानं अलंकार चारच सांगितले: उपमा, रूपक, दीपक, यमक. त्यातल्या एकट्या यमकाचे मात्र दहा प्रकार केले. ते सगळे अक्षरं कुठे परत येतात त्यावरून. चरणाच्या आरंभी आली तर पादादि, शेवटी आली तर पादान्त, एका चरणाचा शेवट पुढच्याच्या आरंभी आला तर चक्रवाल. तुमचं दामयमक म्हणजे हेच चक्रवाल. भट्टिकाव्याच्या १० व्या सर्गात तर यमकांचं प्रदर्शनच मांडलंय.

पण मुख्य अडचण वेगळी आहे. विश्वनाथ साहित्यदर्पणात म्हणतो, 'सत्यर्थे पृथगर्थायाः'. म्हणजे परत येणाऱ्या अक्षरसमूहाला अर्थ असेल, तर तो दुसऱ्या वेळी वेगळा हवा. तरच यमक. 'आला... आलापितो' इथे ते बसतं, कारण 'आलापितो' मधल्या 'आला'ला येण्याशी काही घेणं नाही. तुमच्या विद्यार्थिनीनं दाखवलेल्या जोडीत मात्र दोन्ही 'आला' एकच आहेत. ते यमक नाही. शब्द तोच, अर्थ तोच, फरक फक्त तात्पर्याचा असेल, तर त्याला लाटानुप्रास म्हणतात. लाट म्हणजे आजचा दक्षिण गुजरात. तिथल्या लोकांना हा प्रकार प्रिय, म्हणून हे नाव.

म्हणजे दोन ओळींत तीन 'आला' आहेत आणि दोन वेगळे अलंकार आहेत. पुस्तकं एकच सांगतात.

पाटी_कोरी

चांगला धागा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. मला हा सगळा प्रकार कवितेचा शत्रू वाटतो. पंडित कवींनी हेच केलं. वामनपंडितांना लोक 'यमक्या वामन' म्हणत, ते कौतुकानं कमी आणि कंटाळून जास्त असावं. मोरोपंतांनी १०८ रामायणं लिहिली. त्यात ओठांचा एकही वर्ण येऊ न देणारं निरोष्ठ रामायण आहे, दामरामायणही आहे. कसरत म्हणून थक्क व्हायला होतं. पण रामाचं दुःख त्यात कुठे सापडतं? शेवटी कुठला शब्द यायचा हे आधीच ठरलं, की कवी त्या शब्दापर्यंत पोचायला मधली जागा भरत बसतो.

कळशी

@पाटी_कोरी, 'सुसंगति सदा घडो; सुजनवाक्य कानी पडो' हेही मोरोपंतांचंच. घडो, पडो, झडो, नावडो अशी रांग आहे त्यात. तरी माझी आई ते रोज सकाळी म्हणायची आणि मनापासून म्हणायची. तिला कसरत वाटली नाही कधी.

तिहाई

आणि 'विठ्ठल छंद विठ्ठल' मध्ये मधली जागा भरायला तुकोबांनी काय घेतलं? एक शब्द. छंद. त्यातही दोन अर्थ, वृत्त आणि नाद लागणं. याला भरती म्हणायचं का?

पाटी_कोरी

तुकोबांचं सोडा, ते नियमाला अपवाद असतात. मी सामान्य कवीबद्दल बोलतोय.

लिमलेट

तुमचं शास्त्र चालू द्या, मी भेंड्यांचं सांगते. आमच्याकडे गणपतीत रात्रभर भेंड्या चालतात. ज्या ओळीचं पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच, ती ओळ म्हणजे हुकमी पत्ता. समोरच्यांनी 'ल' दिला, तुम्ही 'ल'ची ओळ म्हणून पुन्हा 'ल'वर आणून सोडली, की समोरचे हैराण! माझ्या मावशीनं एकदा असा 'ण' परतवला होता. सगळा हॉल पाच मिनिटं गप्प. शेवटी चहा आला म्हणून सुटले.

आणि गुरुजी, दामयमक म्हणजे कवीनं एकट्यानंच खेळलेल्या भेंड्या नाहीत का?

फळा_खडू

@लिमलेट, इतकी चांगली व्याख्या कुठल्याही पुस्तकात नाही. वर्गात वापरतो.

चिंचेखाली

मग 'चिमा काय कामाची' चालेल का? 'ती होडी जाडी होती'? सुरुवात आणि शेवट सारखेच की.

गोदाकाठ

ते वेगळं. तिथे अक्षरं उलटी फिरतात, शब्द परत येत नाही. त्याला विलोम म्हणतात. पण अवांतर सांगतो, कारण विषय घरचा आहे. सूर्यदास पंडित म्हणून १६ व्या शतकातले एक ज्योतिषी होते. ते गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे मानले जातात. त्यांचं रामकृष्णविलोमकाव्य सरळ वाचलं तर रामकथा, उलट वाचलं तर कृष्णकथा. 'तं भूसुतामुक्तिमुदारहासं' असा आरंभ आहे. एकदा तरी मोठ्यानं वाचून बघा.

चिंचेखाली

माझं आजोळ पाथरीजवळ आहे आणि मला हे आज कळतंय. धन्यवाद काका.

इंदूरकर

आम्ही चार पिढ्या इंदुरात. घरात मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे मला हा प्रश्न वाचताक्षणी कुंडलिया आठवली. हिंदीत हा नुसता अलंकार नाही, छंदाचा नियमच आहे. सहा ओळी, प्रत्येक ओळ २४ मात्रांची. पहिल्या दोन ओळी दोहा, पुढच्या चार रोला. ज्या शब्दानं कुंडलिया सुरू होते त्याच शब्दावर ती संपली पाहिजे. शिवाय दोह्याचा शेवटचा चरण रोल्याच्या सुरुवातीला जसाच्या तसा परत येतो. म्हणजे तुमचं दामयमकही त्यात आहे. साप वेटोळं घालून तोंडाशी शेपूट आणतो, म्हणून कुंडलिया.

गिरिधर कविरायांची ही शाळेत पाठ होती:

बिना विचारे जो करै सो पाछे पछिताय
काम बिगारै आपनो जग में होत हँसाय
जग में होत हँसाय चित्त में चैन न पावै

आणि शेवट:

खटकत है जिय माहि कियो जो बिना विचारे

पहिल्या ओळीत 'बिना विचारे' हा उपदेश आहे, कुणा तिसऱ्यालाच केलेला. शेवटच्या ओळीत तो काटा होतो. करणाऱ्याच्या काळजात सलतोय. शब्द तेच, पण आता ते आपल्याबद्दल आहेत. @पाटी_कोरी, शेवटी कुठला शब्द येणार हे इथे पहिल्या क्षणापासून माहीत असतं. तरीही तो आल्यावर टोचतो. कदाचित माहीत असतो म्हणूनच टोचतो.

पाटी_कोरी

ही कुंडलिया खरंच चांगली आहे. पण सहा ओळींचा प्रवास करून परत येणं आणि एकाच ओळीत परत येणं यात फरक आहे. एका ओळीत शब्द जाणार कुठे आणि बदलणार किती?

मिसरा

@पाटी_कोरी, दोन ओळींतलं घ्या मग. फारसी-उर्दू काव्यशास्त्रात याला नाव आहे: रद्दुल अजुज अलस्सद्र. शेराच्या पहिल्या मिसऱ्याचा, म्हणजे ओळीचा, आरंभ म्हणजे सद्र, दुसऱ्या मिसऱ्याचा शेवट म्हणजे अजुज. अजुजला सद्राकडे परत नेणं, असा त्या नावाचा अर्थ. मराठीत गझल रुजवणारे माधव जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक होते आणि 'छंदोरचना' लिहिणारेही तेच. त्यामुळे या दोन्ही परंपरांचं मराठीत फार जुनं येणंजाणं आहे.

गझलेत हे अवघड जातं, कारण शेवटची जागा आधीच रदीफानं, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दानं, अडवलेली असते. रदीफ प्रत्येक शेरात तीच. म्हणजे शेराची सुरुवातही रदीफाच्याच शब्दानं करावी लागते आणि ती ओढून आणलेली वाटता कामा नये. माझा एक प्रयत्न, 'पावलांना' हा रदीफ धरून:

पावलांना ठाव होता गाव मागे राहिलेला
चालताना कोण सांगे थांबण्याचे पावलांना

पहिल्या ओळीत पावलांना कळतं. दुसऱ्या ओळीत पावलांना सांगावं लागतं. विभक्ती तीच, पण नातं बदललं.

निंबोणी

वा! दुसरी ओळ वाचून थांबले.

कळशी

मी गृहिणी, मला फारसं शास्त्र येत नाही. पण पाटी_कोरी विचारताहेत की एका ओळीत शब्द किती बदलणार, त्याचं उत्तर आपण दिवसातून दहा वेळा बोलतो.

नाही म्हणजे नाही.
ठरलं ते ठरलं.
आई ती आईच.

मुलगा विचारतो, "आई, मोबाइल?" मी म्हणते "नाही". तो ऐकत नाही. मग मी म्हणते, "नाही म्हणजे नाही." पहिला 'नाही' उत्तर असतं. दुसऱ्या 'नाही'नंतर कुणी काही विचारत नाही. दोन शब्दांच्या मध्ये फक्त 'म्हणजे' आहे, तेवढ्यात शब्द केवढा बदलला! आणि हे कुणी कवीनं शिकवलेलं नाही.

दहीहंडीला पोरं ओरडतात, 'आला रे आला, गोविंदा आला'. तेही तेच.

फळा_खडू

@कळशी, तुमच्या प्रतिसादानं मला माझ्याच प्रश्नाकडे नीट बघता आलं. मराठीत क्रियापद शेवटी बसतं. 'वसंत आला', 'दिवस गेले', 'गोविंदा आला'. ते उचलून पुढे आणलं की वाक्य एकदम उताविळीनं सुरू होतं, बातमी आधी आणि कुणाची ते नंतर. पण कानाला शेवटी क्रियापदाची सवय आहे. ती जागा मोकळी राहिली तर कान वाट बघत राहतो. मग तेच क्रियापद परत आपल्या जागेवर येऊन बसतं: आला... आला, गेले... गेले. ओळ पूर्ण झाल्याचं समाधान त्यामुळे मिळतं. आपल्याकडे हा प्रकार क्रियापदांत इतका सहज जमतो तो बहुधा म्हणूनच.

गोदाकाठ

हे निरीक्षण मला पटलं. 'आई ती आईच' वरून आणखी एक सांगतो. आनंदवर्धनानं ध्वन्यालोकात एक प्राकृतातली गाथा दिली आहे. तिचा उत्तरार्ध संस्कृतात असा: 'रविकिरणानुगृहीतानि भवन्ति कमलानि कमलानि'. सूर्यकिरणांची कृपा झाली की कमळं कमळं होतात. पहिली कमळं म्हणजे फक्त फुलांची जात. दुसरी कमळं म्हणजे खरोखरची कमळं, उमललेली, सुगंधी, नावाला जागणारी. सहृदयांनी उचलले की गुण गुण होतात, हे सांगायला हा दाखला आहे. शब्द तोच राहून त्याच्यात अर्थ भरला जातो. याला ध्वनीचा, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, एक प्रकार मानलंय, नुसता शब्दालंकार नाही. तुमच्या 'आई ती आईच' मधली दुसरी आई अगदी अशी आहे.

आणि उपमेला दुसरं काही सापडेनासं झालं की अनन्वय:

गगनं गगनाकारं सागरः सागरोपमः
रामरावणयोर्युद्धं रामरावणयोरिव

रामरावणांचं युद्ध कुणासारखं? रामरावणांसारखं. ज्या शब्दानं चरण सुरू झाला त्याच्याकडेच परत यावं लागतं, कारण दुसरीकडे जायला जागा नाही. इथे पुनरुक्ती नाइलाजाची आहे आणि त्या नाइलाजातच मोठेपण आहे.

बोरू

जुन्या पोथ्या वाचण्याचा नाद आहे म्हणून लिहितो. कुणीच कसं नाही आणलं हे?

आनंदाचे डोहीं आनंदतरंग
आनंदचि अंग आनंदाचें

'आनंदाचे'नं सुरू, 'आनंदाचें'वर संपतं. आजच्या छपाईत अनुस्वार गाळतात आणि दोन्ही शब्द हुबेहूब एक दिसतात. जुन्या लेखनात ते एक नाहीत. पहिलं 'आनंदाचे डोहीं' म्हणजे आनंदाच्या डोहात. ते सामान्यरूप आहे, अनुस्वार नाही. शेवटचं 'अंग आनंदाचें' हे नपुंसकलिंगी एकवचन, त्यावर अनुस्वार आहे. आधी डोह आनंदाचा होता, शेवटी अंगच आनंदाचं झालं. बाहेरचं आत आलं. एवढा प्रवास एका अनुस्वारावर झालाय आणि आपण तो टिंब म्हणून पुसून टाकला.

अक्षरं मोजायची तर सहा-सहा-सहा-चार असा मोठा अभंग आहे. शेवटचा चरण चार अक्षरांचा, आणि त्या चार अक्षरांत 'आनंदाचें' हा एकच शब्द मावतो. पूर्ण चरण त्या एका शब्दाचा.

तिहाई

@बोरू, उद्या भजनात हे म्हणताना मी तो अनुस्वार मनातल्या मनात तरी लावणार.

पाटी_कोरी

मी मागचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझा विरोध थोडा सरकलाय, तो कुठे ते सांगतो.

तुम्ही दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करताय. 'बिना विचारे', 'कमलानि', 'नाही म्हणजे नाही', 'आनंदाचें' यांत शब्द परत येताना बदललेला आहे. ते मला पटलं, तिथे मी हरलो. पण 'विठ्ठल बोला विठ्ठल'मध्ये दुसरा विठ्ठल काय वेगळा आहे? काहीच नाही. मग ते मोठं का?

तिहाई

काहीच वेगळा नाही, म्हणूनच. वारकऱ्याला तो बदलायला नकोच आहे. सुखात विठ्ठल, दुःखात विठ्ठल, टाळात आणि दिंडीत विठ्ठल. मध्ये काहीही आलं तरी दोन्ही टोकांना तोच उभा. विटेवर अठ्ठावीस युगं उभा आहे म्हणतो ना आपण? बदलला तर वारीला जायचं कुणाकडे?

पाटी_कोरी

...हे उत्तर आहे. यावर माझ्याकडे काही नाही.

लिमलेट

पाटी_कोरी निरुत्तर! दिनांक लिहून ठेवते. 😊

चला, सगळ्यांनी एकेक ओळ करा. अट: पहिला आणि शेवटचा शब्द एकच. माझी:

पाऊस थांबला तरी कानात पाऊस

इंदूरकर

घर विकलं, पण स्वप्नात अजून तेच घर

चिंचेखाली

पान उलटलं तर आत पिंपळाचं पान

गोदाकाठ

@चिंचेखाली, शाबास! वहीचं पान आणि झाडाचं पान. विश्वनाथाची अट पुरी झाली, हे खरं यमक.

सांगेकर

वाट बघता बघता गवतात बुडाली वाट

(आमच्या जुन्या घराकडे जायची पायवाट खरंच अशी झालीय.)

पाटी_कोरी

@सांगेकर, ही कविता आहे. वाट बघणं आणि पायवाट. बघणारे गेले म्हणून गवत वाढलं, हेही त्यात न सांगता आलं. पुढे लिहा.

निंबोणी

मूळ प्रश्न राहिलाच. गुरुजींच्या विद्यार्थिनीला नाव काय सांगायचं? 'आद्यंत' म्हणता येईल का?

गोदाकाठ

'आद्यंत' मध्ये घोटाळा होतो. भट्टिकाव्यात 'द्रुतं द्रुतं वह्निसमागतं गतं' असा चरण आहे. तिथेही आदी आणि अंत दोन्हीकडे पुनरावृत्ती आहे, पण आरंभी आरंभाची जोडी आणि शेवटी शेवटाची जोडी. आरंभ शेवटाला जुळत नाही. नाव असं हवं की दोन टोकं एकमेकांना भेटतात हे कळावं.

कळशी

दामयमक म्हणजे साखळी ना? मग एक ओळ स्वतःशीच मिटली तर ती साखळीची एक कडी. पहिली ओळ 'आला'पासून 'आला'पर्यंत, म्हणजे कडी मिटली. त्याच 'आला'त दुसरी ओळ अडकवली, म्हणजे साखळी सुरू झाली.

बोरू

कडी. मला हे नाव फार आवडलं. आणि त्या श्लोकाचं वर्णनही याहून नेमकं होणार नाही.

फळा_खडू

आज तास झाला. वर्गात सगळं सांगितलं, अगदी भेंड्या आणि दामोदरासकट. परीक्षेत दामयमकच लिहायचं, पण आपल्यापुरतं या पहिल्या ओळीला 'कडी' म्हणायचं, असं ठरलं. त्या मुलीनं लगेच वहीत समासात लिहून घेतलं. मग मुलांना पंधरा मिनिटं दिली. कालपासून इकडे पावसाची झोड आहे आणि मी वर्गात पोचलो तो पुरता भिजून. मागच्या बाकावरचा एरवी गप्प बसणारा मुलगा उठला आणि त्यानं वाचलं:

सर आले वर्गामध्ये
मागोमाग आली सर

वर्ग टाळ्या वाजवायचा थांबेना.

गोदाकाठ

आठ अक्षरं, आठ अक्षरं. अष्टाक्षरी! सर आणि सर, अर्थ वेगळे. यमकही झालं आणि कडीही झाली. त्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

फळा_खडू

सांगतो. पण त्या मुलीचा पुढचा प्रश्न तयार आहे. "सर, ही कडी म्हणायची तर ओळ एक हवी ना? या तर दोन आहेत."

मिसरा

एका ओळीत लिहायला सांगा. जात्यावरची ओवी कुणी ओळी मोडून म्हणत नव्हतं.